पुसलेले पाठ : ऑनलाइन भाषाशिक्षणातील चित्रफिती आणि विद्यार्थ्यांचा अनुभव

भाषा शिकणाऱ्याचा आवाज यंत्रावर उतरवून घेण्याची कल्पना नवी नाही. १९५० नंतर अमेरिकेत आणि पुढे भारतातील काही मोठ्या संस्थांत ज्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांत विद्यार्थी लाकडी कप्प्यात बसून, कानांना हेडफोन लावून ध्वनिफितीवरील नमुनावाक्य ऐकत असे, ते स्वतः उच्चारीत असे आणि मग दोन्ही आवाज लागोपाठ ऐकून आपला उच्चार मूळ नमुन्यापासून किती दूर पडला हे ताडून पाहत असे. या पद्धतीमागे वर्तनवादी मानसशास्त्राची भूमिका होती. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथाचे जे परखड परीक्षण केले, त्यानंतर ही भूमिका खिळखिळी झाली आणि प्रयोगशाळांतील कप्पेही हळूहळू धूळ खात पडले. त्या व्यवस्थेतील एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विद्यार्थ्याचे अडखळणे तेथे फार तर शिक्षकाच्या कानांपर्यंत पोहोचत असे, आणि पुढच्या तासिकेला त्याच फितीवर दुसऱ्याचा आवाज चढत असे. चुकीचे आयुष्य एका तासिकेपुरते होते.

आंतरजालावरील भाषावर्गांत गेल्या दीड दशकात रुळलेल्या चित्रफितींनी ही स्थिती पालटून टाकली. येथे विचार करावयाचा आहे तो झूमसारख्या माध्यमातून भरणाऱ्या प्रत्यक्ष तासिकेचा नव्हे. विद्यार्थी आपल्या सवडीने भ्रमणध्वनीवर लहानशी चित्रफीत तयार करतो, ती वर्गाच्या सामाईक मंचावर ठेवतो, इतर विद्यार्थी ती पाहतात आणि त्यांपैकी काही जण चित्रफितीनेच उत्तर देतात, त्या पद्धतीचा. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात चार्ल्स मिलर यांच्या पुढाकाराने घडलेला ‘फ्लिपग्रिड’ हा या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध मंच होय. सुरुवातीच्या काळात त्यावरील उत्तराला अवघ्या दीड मिनिटाची मर्यादा असे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेऊन शिक्षणसंस्थांना विनामूल्य केला, २०२२ मध्ये त्याचे ‘फ्लिप’ असे नामांतर झाले आणि जुलै २०२४ मध्ये तो स्वतंत्र मंच म्हणून बंद करण्यात आला. त्याआधीपासून ‘व्हॉइसथ्रेड’ हे साधनही अनेक विद्यापीठांच्या परभाषा विभागांत वापरात होते. भारतात अनेक ठिकाणी हेच काम व्हॉट्सॲपच्या गटावर भागवले गेले, आणि अनुभवाच्या दृष्टीने त्यात फारसे काही बिघडले नाही. मंच कोणता, यापेक्षा चित्रफीत मंचावर जाण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीत काय घडते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

तेथे घडते ते असे. विद्यार्थी बोलतो, मुद्रण थांबवतो, पाहतो, ते त्याला पसंत पडत नाही, पुसून टाकतो, पुन्हा बोलतो. दीड मिनिटाच्या निवेदनासाठी तासभर खर्ची पडणे यात नवल नाही. अशा उपक्रमांविषयी निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी जे सांगितले आहे, त्यात वरवर पाहता विसंगती दिसते. वर्गात सर्वांदेखत उभे राहून बोलण्यापेक्षा हे सोपे जाते, कोणी टक लावून पाहत नाही, विचाराला वेळ मिळतो, असे एकीकडे सांगितले जाते. तर दुसरीकडे स्वतःचा चेहरा पाहणे आणि स्वतःचा आवाज ऐकणे नकोसे वाटते, ‘पाठवा’ या खुणेवर बोट ठेवताना धडधड होते, असेही तीच मंडळी सांगतात. परभाषेच्या वर्गात जाणवणारी भीती ही सर्वसाधारण भित्रेपणाहून वेगळी, त्या प्रसंगाशी बांधलेली अवस्था असते, हे होर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडले होते. चित्रफितीने ही भीती नाहीशी होत नाही, तिची जागा तेवढी बदलते. बोलण्याच्या क्षणी असणारी भीती पाहण्याच्या क्षणाकडे सरकते.

या सरकण्याची काही कारणे अगदी साधी आहेत. बोलताना माणसाला स्वतःचा आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकू येतो. मुद्रणात त्यातील हाडांचा भाग गळतो, आणि उरलेला पातळ आवाज परक्याचा वाटतो. स्वतःच्या चेहऱ्याकडे सतत पाहावे लागल्याने येणाऱ्या ताणाविषयी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये लिहिले, ते प्रत्यक्ष दूरसंवादाच्या बैठकांसंबंधी होते. तथापि मुद्रित चित्रफितीत तर तोच आरसा वारंवार मागे फिरवून पाहता येतो. मायकेल वेश यांनी २००९ मध्ये यूट्यूबवरील आत्मनिवेदनांचा अभ्यास करताना जे निरीक्षण नोंदवले, ते येथे अधिक उपयोगी पडते. समोर काचेचा एक ठिपका असतो. तो कोणाचे डोळे आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. मित्र, अनोळखी माणूस, आजचा पाहणारा आणि दहा वर्षांनंतरचा पाहणारा, असे सगळे श्रोते त्या ठिपक्यात एकावर एक कोसळतात. वेश यांनी त्याला संदर्भांचे कोसळणे म्हटले आहे. मातृभाषेतही जिथे शब्द अडतो, तिथे तीन महिने शिकलेल्या भाषेची काय कथा!

भारतीय काव्यशास्त्राच्या परिचितांना या प्रसंगाचे वर्णन करण्यासाठी परकीय परिभाषेवर सर्वस्वी विसंबण्याची गरज नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. भाषेच्या लेखी परीक्षेत यांतला एकही नसतो. जुन्या प्रयोगशाळेत केवळ वाचिक होता. चित्रफितीत चारही एकदम उपस्थित होतात. हातवारे आणि नजर येतात. अंगावरचे कपडे, पाठीमागची भिंत, दोरीवर वाळणारे धुणे असे आहार्य येते. आणि ज्यांवर वक्त्याचा ताबा नसतो ते स्वेद, वेपथु, स्वरभेद हे सात्त्विक भावही येतात. नटाला हे भाव प्रयत्नाने उभे करावे लागतात, विद्यार्थ्याला ते प्रयत्नाने दडपावे लागतात, एवढाच फरक. शिक्षक गुण देतो ते बहुधा वाचिकाला. विद्यार्थी मुद्रण पुसतो ते मात्र पुष्कळदा इतर तिघांमुळे. हे ध्यानात घेतले की ‘उच्चार तर बरोबर होता, मग पुन्हा का बोललास?’ हा प्रश्न विचारावासा वाटत नाही.

वाचिकाचे काय होते, हे मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ मध्ये पूर्ण रूपात मांडलेल्या सिद्धान्तात ‘मॉनिटर’ ही कल्पना आहे : शिकलेले नियम हाताशी घेऊन उच्चारलेल्या किंवा उच्चारू पाहणाऱ्या वाक्याची झडती घेणारा मनातला तपासनीस. हा तपासनीस कामाला लागण्यासाठी नियम ठाऊक असावा लागतो, लक्ष भाषेच्या रूपाकडे असावे लागते आणि हाताशी वेळ असावा लागतो. प्रत्यक्ष संभाषणात वेळच नसतो. चित्रफितीत तो हवा तितका असतो. परिणामी विद्यार्थी आधी मजकूर लिहून काढतो, पडद्याच्या कडेला किंवा पाठीमागे चिकटवतो आणि वाचतो. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. उर्दू वा फारसीचा मजकूर असेल तर उजवीकडून डावीकडे. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये दूरध्वनी-नभोवाणीच्या युगातील मौखिकतेला दुय्यम मौखिकता म्हटले, ते तिच्या पोटात लेखन आणि मुद्रण दडलेले असते म्हणून. भाषावर्गातील चित्रफीत हे त्या मौखिकतेचे फारच निखळ उदाहरण ठरते. ऐकणाऱ्याला बोलणे वाटावे असे ते लेखन असते. अभ्यासक्रमपत्रिकेत मात्र त्याची नोंद ‘संभाषणकौशल्य’ या रकान्यात होते.

येथवर जे सांगितले ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. त्यामुळे नेमके काय गमावले जाते, हे तितकेसे स्पष्ट झालेले नाही. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्याच्या चुकीकडे दोष म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, आणि १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा व लक्ष्यभाषा यांच्या दरम्यान विद्यार्थी स्वतःची जी व्यवस्था उभारतो, तिला अंतरभाषा हे नाव दिले. अंतरभाषेला स्वतःचे नियम असतात आणि ती सतत हलती असते. तिचा मागोवा घ्यायचा तर चुका हव्यात. पुसलेल्या मुद्रणांबरोबर त्याच नाहीशा होतात. आणि त्या सरसकट नाहीशा होत नाहीत, एका विशिष्ट रीतीने निवडून होतात.

मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषी विद्यार्थ्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे उलगडेल. देवनागरी त्याला आधीच येते. हाच त्याचा लाभ आणि हाच त्याचा सापळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत लिपी एकच ‘झ’ दाखवते. उच्चारात मात्र पहिला दंततालव्य आणि दुसरा तालव्य असतो. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतील ‘च’चे तसेच. लिपी गप्प असल्यामुळे हा भेद कानांनीच शिकावा लागतो, आणि हिंदीभाषकाचा कान त्याला सरावलेला नसतो. तेलुगूभाषकाला तो सहज जाणवतो, कारण त्याच्या बोलण्यात असे उच्चार आहेत. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची गोष्टही अशीच. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आणि बाहेर ठेवणारे अशी दोन प्रथमपुरुषी सर्वनामे गुजराती, तेलुगू, तमिळ, मलयाळम या भाषांत आहेत. हिंदीत एकाच ‘हम’वर भागते. म्हणून हिंदीभाषी विद्यार्थी समोरच्याला आग्रहाने ‘चला, आम्ही चहा घेऊ’ असे म्हणतो आणि आपण त्याला चहातून वगळले हे त्याच्या गावीही नसते. ‘मी पुस्तक वाचली’ ही चूक मात्र वेगळ्या जातीची आहे. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, हे त्याला शिकवले गेलेले असते. बोलण्याच्या ओघात हिंदीचे लिंग तोंडी येते, मुद्रण पाहताना खटकते, आणि तो ते पुसून ‘वाचले’ असे नव्याने बोलतो.

आता मंचावर काय पोहोचते ते पाहावे. विद्यार्थ्याला पक्के येते ते पोहोचते. जे चुकते आणि चुकते आहे हे त्याला ऐकूच येत नाही, तेही पोहोचते : तालव्य ‘माझा’ आणि अनाहूत ‘आम्ही’. या दोहोंच्या मधला पट्टा, जिथे नियम माहीत आहे पण जिभेवर बसलेला नाही, जिथे ‘वाचली’चे ‘वाचले’ होत असते, तो तेवढा पुसला जातो. अंतरभाषा हलत असते ती नेमकी याच पट्ट्यात, आणि शिक्षकाचा हात जेथे सर्वांत लवकर उपयोगी पडावा तोही हाच पट्टा. शिक्षकाला दोन्ही टोके दिसतात. मधला प्रवास दिसत नाही. त्यामुळे तो एक तर विद्यार्थ्याच्या प्रगतीने अकारण सुखावतो, नाही तर तीच तीच उच्चारदोषांची यादी पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या अभ्यासकाला ही हानी चटकन कळावी. लीळाचरित्र ही मुळात ऐकलेल्या, आठवलेल्या बोलण्याची नोंद होय. महानुभावांच्या पोथीपरंपरेने एकाच लीळेच्या भिन्न आठवणी आणि भिन्न पाठ जपून ठेवले, म्हणूनच आज त्या बोलण्याच्या घडणीविषयी काही विचार करता येतो. चित्रफितीच्या बाबतीत सातव्या पाठाच्या आधीचे सहा पाठ असतात, पण त्यांचा लिपिकार स्वतःच त्यांना जाळून येतो. (तुलना अर्थातच मर्यादित आहे, श्रद्धेने जपलेले शब्द आणि लाजेने पुसलेले शब्द यांचे मोल एक नव्हे. प्रश्न पुराव्याचा आहे.)

पुन्हा पुन्हा बोलणे हा वाया गेलेला वेळ आहे, असा याचा अर्थ नव्हे. मेरिल स्वेन यांनी १९८५ पासून आग्रहाने मांडले की, स्वतः वाक्य घडवू लागल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही. मार्टिन बायगेट यांच्या १९९० च्या दशकातील अभ्यासांतून असे दिसले की, तीच गोष्ट काही दिवसांनी पुन्हा सांगताना विद्यार्थ्याची भाषा सुधारते, कारण काय सांगायचे हा भार कमी होऊन कसे सांगायचे याकडे लक्ष वळते. पॉल नेशन यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत विद्यार्थी तेच निवेदन तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना अनुक्रमे चार, तीन आणि दोन मिनिटांत सांगतो. तेथेही पुनरावृत्तीच आहे. पण समोर दर वेळी नवा माणूस आहे. तो मान डोलावतो, कपाळाला आठी घालतो, ‘म्हणजे?’ असे विचारतो. खोलीत एकट्याने केलेल्या सात मुद्रणांचा श्रोता सातही वेळा तोच, आणि तो सहसा निर्दय असतो. शिवाय या श्रमाची नोंद कोठेच नसते. जो एका दमात बोलला आणि जिने तासभर झुंज दिली, त्या दोघांच्या चित्रफिती मंचावर सारख्याच दीड मिनिटाच्या दिसतात.

चित्रफीत मंचावर गेल्यावर सहाध्यायी तिला प्रतिसाद देतात, असे अभ्यासक्रमात लिहिलेले असते. या प्रतिसादाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सर्वांदेखत दुसऱ्याची चूक दाखवणे असभ्य वाटते, म्हणून ‘खूप छान’, ‘उत्तम उच्चार’ अशा शेऱ्यांची देवाणघेवाण होते आणि किमान दोन प्रतिसादांची अट पुरी होते. क्वचित एखादा विद्यार्थी दुसऱ्याच्या मजकुरात खरोखरच गुंतून प्रश्न विचारतो. तेव्हा मात्र उत्तर देणारा मजकूर लिहून न काढता बोलतो, आणि त्या एका उत्तरात साऱ्या सत्राहून अधिक भाषा ऐकू येते.

भारतात या पद्धतीचा प्रसार निवडीने झाला नाही. मार्च २०२० मध्ये विद्यापीठे बंद झाली आणि भाषेचे वर्ग रातोरात पडद्यावर गेले. प्रत्यक्ष तासिकेला सलग जोडणी लागते. मुद्रित चित्रफीत रात्री उशिरा, जोडणी मिळेल तेव्हा पाठवता येते. त्यामुळे ती गरिबाच्या सोयीची, असा समज झाला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील १४.९ टक्के कुटुंबांत आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांत आंतरजालाची सोय होती. संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के, शहरी भागात २३.४ टक्के. ही पार्श्वभूमी पाहता तो समज अगदीच खोटा नव्हता. पण चित्रफितीला जोडणीखेरीज आणखी काही लागते : शांतता, उजेड आणि जगाला दाखवता येईल अशी एक भिंत. एका खोलीच्या घरात भावंडे, दूरचित्रवाणी आणि शिट्या देणारा कुकर यांच्यामध्ये परकी भाषा मोठ्याने बोलणे म्हणजे घरच्यांच्या थट्टेला आमंत्रण. आहार्य येथे सजावट राहत नाही. ते बोलणाऱ्याचा वर्ग, पुष्कळदा जातही, वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी सांगून टाकते. वसतिगृहात सगळ्यांच्या पाठीमागे एकच रंग उडालेली भिंत असते. घरी परतताच ती समानता गेली.

ही पिढी चित्रफितींना सरावलेली आहे, मग संकोच कसला, असा प्रश्न विचारला जातो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली, तोवर भारतातील लहान गावांतील तरुण-तरुणी तेथे मोठ्या संख्येने आपल्या चित्रफिती टाकत होते हे खरे. पण तेथे पुष्कळदा दुसऱ्याच्या तयार आवाजावर ओठ हलवायचे असत. वाचिक उसने होते; देह तेवढा स्वतःचा. भाषावर्ग नेमके उलट मागतो. शिवाय वर्गासाठी केलेली चित्रफीत कोणीतरी उतरवून घेईल, भलत्या गटात पाठवील, ही भीती विशेषतः विद्यार्थिनींना असते, आणि ती काल्पनिक म्हणता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमाने संमतीचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आणला आहे. गुणांसाठी सक्तीने घेतलेल्या चित्रफितीला संमती म्हणावे काय, याचे उत्तर मात्र भाषाविभागांनाच शोधावे लागेल.

संग्रहाचाही एक प्रश्न आहे. फ्लिप बंद झाला तेव्हा ज्या शिक्षकांनी मुदतीत चित्रफिती उतरवून घेतल्या त्यांच्याजवळ त्या उरल्या. विद्यार्थ्यांच्या भाषेचे संग्रह विद्यापीठांनी नियोजनपूर्वक उभारल्याची उदाहरणे आहेत. बेल्जियममधील लूव्हॅं विद्यापीठात सिल्व्हिअन ग्रँजर यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या लेखी भाषेचा आणि १९९५ पासून मौखिक भाषेचा संग्रह होत आला. त्याच्या लिप्यंतरात थांबे, अडखळणे, अर्धवट सोडलेले शब्दही खुणांनी टिपलेले असतात. मराठी शिकणाऱ्या अमराठी भाषकांच्या बोलण्याचा असा संग्रह झाला, तर गुजराती, तेलुगू, हिंदी, बांगला या दिशांनी मराठीकडे येणाऱ्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतील, आणि तुलनात्मक अभ्यासाला ते मोठेच साधन ठरेल. केवळ निवडून पाठवलेल्या अखेरच्या चित्रफितींवर तो उभारला, तर त्यात वाटांची टोके तेवढी सापडतील.

त्यावर एक साधा उपाय संभवतो. विद्यार्थ्याने पहिले आणि शेवटचे अशी दोन मुद्रणे द्यावीत. पहिले केवळ शिक्षकाकडे, चेहऱ्याविना, नुसत्या आवाजाचे चालेल आणि त्याला गुण नाहीत. शेवटचे, त्याची इच्छा असेल तर, सामाईक मंचावर. दोहोंत काय बदलले आणि का बदलावेसे वाटले, हे त्याने आपल्या मातृभाषेत चार ओळींत लिहावे. या चार ओळींत ‘वाचली’चे ‘वाचले’ कसे झाले ते येईल. कुकरची शिटीही येईल. पहिले मुद्रण सत्रानंतर संग्रहात ठेवायचे की पुसायचे, ही विचारणा गुणपत्रक हाती पडल्यानंतर करावी, आधी नव्हे.